लारिसाताईंना भावपूर्ण निरोप

आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळाला सत्काराचा भारी सोस. कुणाचं पोर जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, पास झालं, काढ शाल. कुणी नवं किचन बसवलं, काढ शाल.

युद्धातून पळून आलेली लारिसा तीन वर्षं माझ्याकडे राहत होती, केअर होममध्ये काम करत होती. गणपतीत मोदक वळायला ती पुढे, आणि मंडळाच्या वेबसाइटवर तिचा नऊवारीतला फोटो त्याहून पुढे. आम्ही किती मोठ्या मनाचे, हे दाखवायला गोरी पाहुणी बरी पडते.

मग सरकारने तिच्यासारख्यांना राहू देणारी योजनाच बंद केली. काहीजण कोर्टात गेले, त्यांत लारिसाही. निकाल लागेपर्यंत तरी राहू द्या, एवढंच तिचं मागणं. तिची वकील दिया, एजवेअरमध्ये जन्मलेली आपलीच मुलगी, मला म्हणाली, "मावशी, मंडळाची एक लेटर पाहिजे. लारिसा इथलीच झाली, परत जायची तिचा प्लॅन नाही, असं."

मंडळाचे अध्यक्ष रघुवीर ब्रॅकनेलला आयटीत मोठे साहेब. आलेत व्हिसावर, पण बोलणं असं की टेम्स यांच्याच परसातून वाहते.

"सुचेताताई, पॉलिटिक्स नको. आमचा कायम राहायचा परवाना तोंडावर आलाय, उगाच व्हिसा देणाऱ्या होम ऑफिसच्या डोळ्यावर कशाला यायचं? आणि आपण प्रॉपर रूटने आलोय हो, हे लोक असेच घुसलेले." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पण आपण तिला छान सेंड-ऑफ देऊ!"

सहीसाठी पेन उचलवेना, पण शाल-श्रीफळ त्याच वीकेंडला हजर. मागे बॅनर: 'लारिसाताईंना भावपूर्ण निरोप'. तिला सांगितलं होतं, तुझा सत्कार आहे. तिला कुठलं मराठी वाचता येतंय! बॅनर काढा म्हटलं, तर रघुवीर म्हणाले, "अहो, प्रिंट झालाय ना!" मी खुर्चीवर चढून एक कोपरा सोडवेपर्यंत फोटो निघालेसुद्धा. संध्याकाळी ते मंडळाच्या पेजवर, खाली इंग्रजीत मायदेशी परतणाऱ्या लारिसाला शुभेच्छा. डिलीट करा म्हटलं, तर म्हणे लाइक्स येतायत.

कोर्टात सरकारी वकिलाने तोच फोटो पुढे केला. बाई स्वतःहून निघाल्यात, निरोपही घेतलाय, मग त्यांना थांबवून कशाला ठेवायचं? दिया पोटतिडकीने बोलली. न्यायाधीशांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि लारिसाची विनंती फेटाळली.

ती पोलंडला बहिणीकडे गेली. जाताना मला घट्ट मिठी मारली, शाल मात्र घडी करून खुर्चीवर ठेवून गेली. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप.

महिन्याभराने रघुवीरांचा फोन. कायमच्या परवान्यासाठी थांबायची मुदत सरकार दुप्पट करतंय म्हणे.

"सरळ अन्याय आहे हो! आता कोर्टात जायलाच हवं. त्या दियाचा नंबर द्या ना. आणि एक पत्रही लागेल, आम्ही इथलेच झालोय म्हणून."

"देते की," मी म्हटलं. "शाल माझ्याकडेच आहे. बॅनरवरचं नाव तेवढं बदलून घ्या."