कबुलीनंतरचं अपील

कासूजवळ रंभाआजींना मोटारसायकलनं उडवून पळून गेला तो आदेश. धाटावच्या कंपनीत तो लवकरच कायम होणार होता. गाडी मात्र थोरल्या भावाच्या, अक्षयच्या नावावर. अक्षय शेती बघायचा. दोघांची आई अनिता अक्षयला म्हणाली, "तू कबूल कर. दंडावर सुटशील." त्यानं पेणच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. झाली ती सहा महिन्यांची कैद.

अपिलापुरता जामीन मिळाला, तशी अक्षयची बायको समीक्षा वकील नमिताबाईंकडे गेली.

"गाडीवर हे नव्हतेच. दीर होता."

"कबुलीनंतर अपील फक्त शिक्षेवर चालतं," वकीलबाई म्हणाल्या. "कबुलीच खोटी म्हणायची, तर दिराला पुढं आणा. नुसत्या तुमच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवील?"

घरी आदेश जेवत होता. कोर्टात खरं सांगाल का, असं समीक्षानं विचारल्यावर म्हणाला, "मी कुठं जबरदस्ती केलती? दादा आपणहून बोलला."

"गप ऱ्हा गो," अनिता तिच्यावर ओरडली. "एकाचं वाटोळं झालं, आता दुसऱ्याचं करतेस?"

"ज्याचं झालं तो पन तुमचाच पोरगा हाय ना?"

अक्षय ताटावरून उठून गेला.

अलिबागच्या कोर्टात वकीलबाईंनी पहिला गुन्हा, लहान मूल, सगळं मांडलं. न्यायाधीश म्हणाले, "जखमी बाईला रस्त्यावर टाकून पळणाऱ्याला सवलत कशी द्यायची?" अपील फेटाळलं. अक्षयनं मागं वळून पाहिलं. आदेशची नजर मोबाइलमध्ये होती.

बाहेर पोलीस अक्षयला नेत असताना रंभाआजींचा मुलगा हिरामण आडवा आला. "माझी आय अजून खाटेवर हाय. तुला शिक्षा कमीच झाली."

अक्षयनं मान खाली घातली. समीक्षाला ते बघवलं नाही. तिनं आदेशकडे बोट केलं. "गाडीवर हा होता."

आदेश आईच्या मागं सरकला. हिरामण त्याच्याकडे बघत राहिला, मग अक्षयकडे वळला. "मग तू काय साधू? माझ्या आयला उडवनारा तुझ्यामुळं मोकळा फिरतोय."

"तुला कोनी सांगितलं बोलायला?" अक्षय बायकोवर खेकसला. तो व्हॅनमध्ये चढला, तो तिच्याकडे न बघताच.

समीक्षा सासू-दिराच्या रिक्षात बसली नाही. एसटीनं घरी पोचली आणि पडवीत वेगळी चूल मांडली.