हेमकलाचा आवाज

संगमनेरजवळच्या गावात जत्रेला सिनेमाचा तंबू लागला, तसा राहीबाईनं मुंबईला लेकीकडे सांगावा धाडला, "तुझा शिनेमा आलाय. मला घिऊन चल." म्हातारीची नजर कधीच गेली होती. पण लेक बारा वर्षं सिनेमात आणि आईनं तिचं एक वाक्यही ऐकलेलं नाही, ही खंत तिच्या जिवाला लागून राहिली होती.

लेक आली. सिनेमात हेमकला, घरात झुंबर. तंबूतला सिनेमा ती नायिका होती तेव्हाचा, जुना. आता थोरल्या जावेची कामं मिळायची आणि त्यासाठीही पहाटेपासून तोंड रंगवून बसायचं. पार विटली होती बिचारी. त्यात एक गोष्ट तिनं आईला कधी सांगितली नव्हती. पहिल्याच सिनेमाच्या निर्मात्याला तिचा चेहरा आवडला, बोली नाही. "तोंड उघडलं की आठवडे बाजार!" म्हणाला. तेव्हापासून पडद्यावर तिच्या तोंडून पुण्याची कुणी बाई बोलायची, झुंबरचे नुसते ओठ. हे आता म्हातारीला सांगायचं तरी कसं?

डोक्यावरून पदर ओढून ती आईला घेऊन बायकांत बसली. कुणी ओळखलं नाही. रंगाशिवाय तिला ओळखणार तरी कोण! पडद्यावर नायिका हसली, भांडली, रडली. राहीबाई कान देऊन ऐकत होती.

"झुंबरे, तू कवा बोलनार गं?"

"बोलन, आये. थांब जरा."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. पडद्यावर नायिका सासरी निघाली, आईच्या गळ्यात पडली, तेव्हा मात्र झुंबरला राहवेना. तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं आणि नायिकेची वाक्यं आपल्या बोलीत बोलू लागली.

म्हातारीचा चेहरा उजळला. "हीच! हीच माझी झुंबर!" ती मोठ्यानं म्हणाली.

पुढची बाई फणकाऱ्यानं वळली. "गप बसा की वं! हेमकलाबाईचं ऐकू द्या आमाला."

झुंबर गप्प झाली. बारा वर्षांची सवयच ती. राहीबाईनं चाचपडत हात वर नेला, लेकीच्या ओठांवर बोटं टेकवली आणि कुजबुजली, "थांबू नगं. हळू बोल."

पडद्यावर पुण्याची बाई बोलत होती. आईच्या बोटांखाली झुंबरचे ओठ तिच्याबरोबर बिनचूक हलत राहिले. आवाज काही फुटला नाही.