निकाली प्रकरण

एलिफुराहाने कानांवरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. अनुवादकाचं तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकायची तिची तयारी नव्हती : हे प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात निकाली निघालं आहे, इथे ते दाखल करून घेता येत नाही.

बोलत होते सरकारी वकील म्वाकालिंगा. ते दुसरं न्यायालयही याच अरुशा शहरात, वडापच्या गाडीने अर्ध्या तासावर. तिथे तिने दोन वर्षं खेटे घातले होते. तिचा नवरा अनाएली मेरू डोंगराच्या उतारावरच्या शाळेत मुख्याध्यापक. चार वर्षांपूर्वी शाळेची जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध तो सभेत बोलला, आणि त्याच संध्याकाळी गणवेशातल्या माणसांनी त्याला जेवत्या ताटावरून उठवून नेलं. सरकारचं म्हणणं एकच, आम्ही त्याला नेलंच नाही. त्या न्यायालयाने अर्ज मुदतीनंतर अकरा दिवसांनी आला एवढंच पाहिलं आणि फेटाळला. अनाएली कुठे आहे, हा प्रश्न तिथे निघालाच नाही.

मधली सुट्टी झाली. तिची वकील ताउसी कागद आवरू लागली.

"घाबरू नका, आई. दिवस मोजले म्हणजे निवाडा झाला असं होत नाही. हेच मांडणार आहे मी."

"घाबरले नाही गं. कान दुखले."

ती बाहेर ओसरीत जाऊन बसली. थोड्या वेळाने म्वाकालिंगा स्वतः आल्याच्या चहाचे दोन कप घेऊन आले. आवाज मऊ होता.

"बाई, किती फिरणार अजून? तुमची कॉफीची जमीन नवऱ्याच्याच नावावर अडकलीय ना? अर्ज मागे घ्या, महिन्याभरात तुमच्या नावावर होईल. मी सगळं तयारच ठेवलंय."

त्यांनी पाकीट पुढे केलं. आत मृत्यूचा दाखला होता. नाव बरोबर. वय बरोबर. कारण, हृदयविकार. तारीख, चार वर्षांपूर्वीची सव्वीस मार्च.

एलिफुराहाने कप खाली ठेवला. तिचं बोट तारखेवर थांबलं.

"अठराला नेलं त्यांना. ही सव्वीस कुणी सांगितली?"

म्वाकालिंगांनी कागद पहिल्यांदाच पाहावा तसा पाहिला. "कारकुनाने भरली असेल काहीतरी. बदलून घेऊ."

मधले आठही दिवस ती ठाण्याच्या फाटकापाशी उभी होती, केळं-मटणाच्या सूपचा डबा घेऊन. इथे असा कुणी माणूस नाही, असं सांगून रोज तो डबा परत दिला जायचा.

"नेलंच नाही म्हणता. मग ते गेले तो दिवस कारकुनाला ठाऊक, आणि मला नाही," ती म्हणाली.

"तो नुसता मसुदा आहे, बाई. द्या इकडे."

"माझ्या नवऱ्याचा दाखला आहे. राहू द्या माझ्याकडे."

त्यांचा हात काही क्षण तसाच पुढे राहिला. तिने कागदाची घडी केली आणि त्यांच्या शेजारून आत गेली.

ताउसीने दाखला दोनदा वाचला. न्यायाधीश येऊन बसत होते. तिने समोरचं टिपण बाजूला सारलं आणि एलिफुराहाकडे झुकली.

"आई, थोडा वेळ मागून घेऊ का? तुम्हाला रडायचं असेल तर..."

"रडेन घरी जाऊन," एलिफुराहा म्हणाली. "तू उभी राहा. तारीख वाच."