महालक्ष्म्या जेवून राह्यल्या होत्या

सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही. या एका गोष्टीचा मला जितका राग आहे, तितका अख्ख्या आयुष्यात कशाचा आला नसेल.

भादव्यात आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात, जेठा आन् कनिष्ठा. त्यांना पुरणपोळीचं ताट वाढलं की पुढं पडदा ओढायचा आन् सगळ्यांनी बाहेर येऊन तोंडं मिटून बसायचं. आत त्या जेवतात. पडदा सारला की मुखवटे फुललेले दिसतात, गालांवर तेज चढलेलं असतं म्हणे. माझी धाकटी जाऊ लक्ष्मीबाई. सोळा भाज्यांतली एक निवडायला बसत नाही ही बाई, पण दरवर्षी पडदा सरकला की हात जोडते. "अगं बाई, पाहा कशा हसून राह्यल्या!" डोळ्यांत पाणी बी काढते. आन् मला काय दिसतं? पितळेचे मुखवटे. चिंचेनं मीच घासलेले.

या आदिलाबादच्या घरात लग्न होऊन आले तवापासून कंबर मोडून केलं. एका वर्षी तापात केलं. एकदा बी हसल्या नाहीत माझ्याकडं पाहून.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. भार्गवनं, माझ्या पोरानं, हुकूम सोडला, "आई, यंदा सारं जान्हवी करेल. तू खुर्चीवर बसून सांग फक्त."

खुर्चीवर! मी काय नवरदेवाची आत्या आहे, मिरवायला?

जान्हवी म्हणजे सून. बँकेत साहेब आहे. तिथं तेलुगूत लोकांना दटावते, आन् इथं येऊन मला विचारते, पुरण ढिलं काऊन झालं.

"डाळीचं पाणी निथळलं नसशील."

"निथळलं आई, खरंच."

"मग पुरणाला घाम फुटला काय?"

ती हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

साड्या तर अशा नेसवल्या की कनिष्ठेच्या निऱ्या पार एका बाजूला. इचोड्याच्या स्टँडवर बसमागं पळणारी बाई दिसावी तशी. सांगितलं तर म्हणते, "छान दिसतंय आई, फोटो बी काढला." फोटो काढला म्हणजे झालं!

ताटं वाढली. मला राहवलं नाही. सगळे आरतीच्या गडबडीत होते, तेवढ्यात मी उठले, भिंत धरत मखराच्या बाजूला गेले आन् निऱ्यांशी वाकले. तोच पडद्याच्या कड्या खळखळल्या. पडदा ओढायच्या आधी आत एकदा वळून पाहायचं असतं. बँकेच्या साहेबानं पाहिलंच नाही.

"आई कुठं गेल्या?" बाहेर तिचा आवाज.

"श्श! जेवून राह्यल्या ना त्या," लक्ष्मीबाई.

आता काय करता? बाहेर पडावं तर पडदा हलतो. पडदा मधेच उघडला तर देवी अर्ध्या पोटी उठते, हे सासूनं माझ्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलेलं. आवाज द्यावा तर बोलायचं नाही. हात निऱ्यांकडं गेला आन् तिथंच थांबला. जेवत्या बाईच्या लुगड्याला कोणी हात घालतं?

बाजूला पाट होता. बसले कशीबशी. आन् मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. सुनेला दिल्या, पोराला दिल्या, जावेला तर मापटंभर जास्त. मग वळले थेट या दोघींकडं. 'इतकं केलं तुमचं. त्या आळशी बाईला दिसता, मला काऊन नाही? नका दिसू. मला बी पाहायचं नाही आता. पुरण ढिलं आहे, निऱ्या वाकड्या आहेत, तसंच जेवा. मी नाही उठत.'

एवढं बोलले आन् पुढं बोलायला काही राह्यलंच नाही. पाठ भिंतीला लागली. गुडघे लांब सोडले. समई तडतडत होती. तुपाचा वास येत होता, आंबिलीचा आंबूस वास येत होता. वाटलं, घरचीच कोणी बाई जेवत बसली आहे आन् मी तिच्यापाशी नुसती बसले आहे. वाढायचं नाही, आग्रह करायचा नाही. लहानपणी माहेरी, सगळ्यांचं झाल्यावर आई जेवायला बसायची, तवा मी अशी बसायची. त्यानंतर कोणापाशी बसले असेन, मला आठवत नाही.

कड्या खळखळल्या.

"अगं बाई! जाऊबाई आत?"

जान्हवी रडायच्या बेतात. "आई, मी पाहिलंच नाही हो. चुकलं माझं."

लक्ष्मीबाई पुढं घुसली. "तुमी तर हातभर अंतरावर होत्या! सांगा ना, कशा हसल्या?"

तवा माझ्या ध्यानात आलं. एवढ्या वेळात मी मान वर करून मुखवट्यांकडं पाहिलंच नव्हतं. आन् पाहायचं राह्यलं, असं बी वाटलं नव्हतं.

"जेवत्या बाईच्या तोंडाकडं टक लावून पाहतात काय?" मी म्हटलं. "काही रीत शिकवली का तुला माहेरी?"

जान्हवी डोळे पुसत कनिष्ठेकडं वाकली. "थांबा आई, निऱ्या नीट करते."

"हात लावू नको. आत्ता जेवून बसल्या त्या. मला उठव आधी."

तिनं काखेत हात घालून मला उठवलं. जोर आहे पोरीत.

"पुरण खरंच लई ढिलं झालंय का?" तिनं हळूच विचारलं.

"ढिलंच आहे," मी म्हटलं. "वाढ मला."