आठ नंबरच्या खोलीतली घंटा

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुम्हाला देवळातली आठवेल, नाहीतर शाळा सुटतानाची. मी तसली नव्हे. मी जुनी आहे खरी, पण पितळेची नाही, आणि मला येताजाता कुणी नमस्कार करत नाही. लांब वायरीच्या टोकाला मुठीत मावेल एवढा पांढरा दांडा आणि त्यावर नारिंगी बटण, एवढीच मी. जपानच्या समुद्रकाठी शिओमी नावाचा एक वृद्धाश्रम आहे. तिथे आठ नंबरच्या खोलीत, खाटेच्या कठड्याला मी गेली एकवीस वर्षं लटकते आहे.

मला दाबलं की दोन गोष्टी होतात. दाराच्या वर, बाहेरच्या बाजूला लाल दिवा लागतो आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या फलकावर एक सूर वाजतो. माझे नवे दिवस काय सांगू! सूर वाजायचा अवकाश, सपातांचा आवाज यायचाच. "आले, आले हं!" म्हणत कुणीतरी दारात हजर. कुणाला बार्लीचा चहा हवा असायचा, कुणाला उशी सरळ करून हवी असायची, आणि कुणाला नुसतं विचारायचं असायचं, की आज वार कोणता. या घराचा सगळा गाडा माझ्याच जिवावर चाललाय, असं मला वाटायचं. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू?

मग माणसं कमी होत गेली. बारा कर्मचारी होते, त्यांचे सात झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एक ते तीन सगळ्यांच्या आंघोळी असतात. तेव्हा सातच्या सात जण न्हाणीघरात अडकलेले आणि इकडे फलक आपला वाजतोय. एकदा फलकाकडे धावताना एक बाई ओल्या फरशीवर घसरली, तिचं मनगट मोडलं. तेव्हा व्यवस्थापक सुगिमोरी यांनी तोडगा काढला. माणूस वाईट नव्हता, पण पार मेटाकुटीला आला होता. त्यांनी ठरवलं, आंघोळीच्या वेळी फलक बंद ठेवायचा. त्याऐवजी एकीने दर दहा मिनिटांनी फेरी मारायची, प्रत्येक दारावरच्या दिव्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "दिवा नाही, ठीक!"

बोट दाखवून मोठ्याने बोलायची रीत या देशात जागोजागी आहे. आगगाडीचा चालक सिग्नलकडे बोट करून बोलतो, कारखान्यातला कामगार यंत्राकडे बोट करून बोलतो. बोट उठलं की नजर त्याच्या मागून जाते, मग चुकायला वाव राहत नाही. रीत सोन्यासारखी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण फलक बंद असला की आलेल्या हाकेची नोंदही होत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याच वर्षी माझ्या खोलीत ओरिए आजी राहायला आल्या. वय अठ्ठ्याऐंशी, अंगाने चिमणीएवढ्या, हृदय कमजोर. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "छातीत कळ आली की लगेच घंटा दाबायची. दहा मिनिटांत औषध जिभेखाली गेलं, तर काळजी नाही." आजी मान डोलवायच्या आणि मला उशीखाली सारून ठेवायच्या. का, तर लोकांना त्रास नको! पाणी सांडलं तरी त्या ओल्या चादरीवर गुपचूप पडून राहायच्या. अस्सा राग यायचा मला त्यांचा.

फेरीचं काम बहुतेक वेळा ताकेमीकडे असे. चाळिशीची, कामाला वाघीण, तोंडाने फटकळ. एके दिवशी ती आजींची नखं कापत बसली होती.

"ताकेमी, मघाशी तू माझ्या दाराकडे बोट केलंस ना?"

"केलं की. दिवा नाही, ठीक!"

"आणि बघत कुठे होतीस?"

"अहो आजी, तुम्ही काय माझ्यावर पाळत ठेवून असता?"

"मला खाटेवरून तुझी हनुवटी दिसते. ती खाली होती. तू पुढच्या दाराकडे बघत होतीस."

"बरं बाई, चुकलं! आता हात द्या, नाहीतर नखाऐवजी बोटच कापीन."

आजी हसल्या. मग म्हणाल्या, "मी तरुणपणी बसमध्ये कंडक्टर होते, ठाऊक आहे ना? बस मागे घेताना मागे बघायचं, हात दाखवायचा आणि ओरडायचं, 'येऊ द्या!' दिवसातून शंभरदा. एकदा पाऊस होता. मी मागे न बघताच ओरडले. मागे मासे विकणारी एक बाई हातगाडी घेऊन उभी होती. तिची तीन बोटं गेली."

"अगं बाई! मग?"

"मग काय? तिने मला माफ केलं. तेच फार वाईट झालं." ताकेमीने नखं गोळा केली आणि ती निघून गेली.

एका मंगळवारी, भर आंघोळीच्या वेळी, आजींच्या छातीत हलकीशी कळ आली. आजींनी मला उशीखालून काढलं आणि दाबलं. दिवा लागला. ताकेमीचा आवाज दारावरून पुढे गेला, "ठीक!" थोड्या वेळाने परत, "ठीक!" पंचवीस मिनिटं गेली. नशीब, कळ आपोआप ओसरली. मग ताकेमी टॉवेल घ्यायला आली आणि दचकली.

"आई गं! दिवा लागलाय? कधीपासून?"

"आत्ताच गं, आत्ताच," आजी म्हणाल्या.

मित्रांनो, त्या धडधडीत खोटं बोलल्या! ताकेमीला ओशाळं वाटू नये, म्हणून. मला तोंड असतं, तर मी तिथेच किंचाळले असते.

पंधराएक दिवसांनी वृद्धाश्रमाची सरकारी तपासणी होती. आगाऊ पत्र आलं होतं, त्यामुळे शिओमीत लगीनघाई उडाली. पडदे धुतले, कठडे पुसले, वह्या लिहून पुऱ्या केल्या. तपासणीचा दिवस शुक्रवार होता, म्हणून त्या दिवशीची आंघोळ शनिवारवर ढकलली. म्हणजे साहेब येणार, त्या दिवशी फलक सुरूच असणार. कुणी मुद्दाम लपवलं नाही. पाहुण्यांसमोर आंघोळी कशा घालायच्या, एवढाच विचार होता.

तपासणीसाला सगळे इसोबे साहेब म्हणत. सज्जन, नीटनेटका माणूस. पाच तास त्यांनी कागद वाचले आणि वीस मिनिटांत खोल्या पाहिल्या. माझ्या खोलीत येऊन ते एकेका वस्तूकडे पेन रोखत म्हणाले, "कठडा, ठीक. फरशी कोरडी, ठीक. घंटा, ठीक." मी तिथे आहे, हे त्यांनी पाहिलं. मला दाबून कोण येतं आणि किती वेळात येतं, हे पाहिलं नाही.

"या खोलीतून महिन्याभरात एकही हाक नाही?" त्यांनी वही चाळत विचारलं.

"आजींची तक्रारच नसते," सुगिमोरी वाकून म्हणाले.

"वा! म्हणजे फारच समाधानी दिसतात." साहेबांनी चौकटीत खूण केली. मग ते खाटेशी गुडघ्यावर बसून मायेने म्हणाले, "आजी, काही अडचण असली तर सांगा हं."

आजींनी मला हातात घेतलं. त्यांचा अंगठा माझ्या बटणावर होता. "साहेब, एक विचारू का?" त्या म्हणाल्या. माझी वायर ताठ झाली. सांगा आजी, सांगून टाका! पण साहेबांच्या मागे ताकेमी उभी होती. तिची मान लाल झाली होती. आजींनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही चहा घेतलात का?" आजींनी विचारलं. "इथली मंडळी फार राबतात हो. माझ्यामुळेच त्यांना त्रास."

साहेब हसले. शिओमीला 'उत्तम' असा शेरा मिळाला. तो चौकटीत घालून दारातच लावला, चपला काढताना सगळ्यांना दिसेल असा.

पुढच्या शुक्रवारी दुपारी पावणेदोनला आजींना मोठी कळ आली. त्यांनी मला दाबलं. एकदा नाही, सहा वेळा. त्यांची मूठ इतकी घट्ट होती, की माझं बटण आतच अडकून बसलं. बाहेरून आवाज आला, "दिवा नाही, ठीक!" आजींनी तोंड उघडलं, पण न्हाणीघरातल्या पाण्यापुढे त्यांचा आवाज काय पुरणार? मग आणखी एक फेरी झाली. मग आणखी एक. त्यानंतर माझ्याभोवतीची मूठ सैल पडली.

तीन वाजता ताकेमी आली. तिने वर पाहिलं, दिवा पाहिला. मग आत आली, माझं बटण नखाने वर काढलं आणि दिवा विझवला. तो विझवायला तिला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

संध्याकाळी आजींची मुलगी चिझुरु आली. रडून डोळे सुजलेले, तरी सगळ्यांपुढे वाकत होती. "तुम्ही आईचं फार केलंत. तिने घंटा दाबलीच नसेल, हो ना? तिचा स्वभावच तसा. मरतानासुद्धा कुणाला त्रास द्यायचा नाही."

सुगिमोरी खाली बघत राहिले. ताकेमीने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलते. "हो," ती म्हणाली, "आजींचा स्वभावच तसा होता." चिझुरुने तिचे हात हातात घेतले आणि पुन्हा पुन्हा आभार मानले.

मित्रांनो, त्यांनी मला सहा वेळा दाबलं होतं. हे आजवर कुणालाच कळलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्या घरचं कुणी अशा जागी राहत असेल, तर भिंतीवरचा शेरा वाचून निर्धास्त होऊ नका. न कळवता जा. भर कामाच्या वेळी जा. माझ्यासारखी घंटा दिसली की ती दाबा, आणि कुणी येईपर्यंत खुर्चीवरून उठू नका. तुमच्या आजीने "सगळं छान आहे" असं म्हटलं, तरी उठू नका.

आता माझ्या खोलीत नुमाता मास्तर आले आहेत. रागीट आहेत, कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. त्यांनी आत्ताच मला दाबलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसले आहेत. अकरा मिनिटं झाली. त्यांचे ओठ निळे पडत चालले आहेत. बाहेरून कुणीतरी चालत येतंय. तुम्ही असाल, तर मान वर करा हो.