निळं ठरलेलं दार

थंडी ओसरली की पुढच्या दाराला नवा रंग द्यायचा, ही माझ्या थोरल्या जाऊबाईंची हौस. दोघींचे नवरे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला धाकटे. केस पांढरे झाले तरी मी धाकटीच. रंग त्याच निवडायच्या, काचपेपर त्याच घासायच्या. माझ्याकडे कडीला कागद चिकटवायचं काम. "तुझ्या हातात ब्रश दिला की दारापेक्षा तूच जास्त रंगतेस," म्हणायच्या.

यंदा मात्र म्हणाल्या, "गुडघे धरलेत गं. तूच कर. निळा आण. गडद नको, धुतल्यासारखा."

ताईंची नजर उतरत जाणार, हे डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचा मुलगा मागे लागला होता, "आई, माझ्याकडे चल." तो दूरच्या शहरात बाराव्या मजल्यावर राहतो. ताईंचं एकच उत्तर, "मला दिसेनासं झालं की ने. तोवर नाव काढू नकोस." या रविवारी तो स्वतः बघायला येणार होता.

दुकानात हलका निळा संपला होता. आठवड्याने या, म्हणाला दुकानदार. रविवार तर तोंडावर आलेला. मी केशरी उचलला. ताईंना सांगितलं नाही. म्हटलं, बघून आधी चिडतील, मग हसतील. दोन दिवसांत रंगाचे दोन हात दिले. डावीकडे पिवळ्या पिटुनियाची कुंडी ठेवली, उजवीकडे पांढऱ्या. दाराच्या मधल्या खिळ्याला वेताची टोपली अडकवून तीत लाल फुलं खोवली. जुनं पायपुसणं टाकून पट्ट्यांचं नवं अंथरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या बाकावर जपाला बसले होते. माळ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. ताई बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि वळून त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ऊन थेट दारावर होतं. मान जराशी कलती करून म्हणाल्या, "बाई बाई, काय सुरेख निळा आणलास."

मणी बोटांत तसाच राहिला. वाटलं, थट्टा करतायत. पण थट्टा करताना त्या ओठ दाबतात. ओठ दाबलेले नव्हते. रस्त्याने शिवणकामवाल्या बाई चालल्या होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज ओळखून ताईंनी त्यांनाही थांबवलं. "बघितलात का आमचा निळा?" बाईंनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "छान आहे हो," असं हळूच म्हणून गेल्या.

माळ संपल्यावर मी ताईंना बाकावर बसवलं. "ताई, निळा मिळाला नाही. केशरी आहे."

त्यांनी पदराची कड बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडी पडायच्या आधीपासून. उजेड कळतो. तू समोर आलीस की काहीतरी हललं एवढं कळतं. बाकी गेलं."

"अहो, पण चहा तर रोज तुम्हीच गाळता."

"त्याला डोळे कशाला लागतात? चाळीस वर्षं तोच ओटा आहे." मग आवाज खाली आला. "तिथं मला एक भिंतसुद्धा ठाऊक नाही, धाकटे. कुणी हात धरल्याशिवाय पाणी प्यायची सोय नाही. इथं माझं अडत नाही गं. रविवारपर्यंत मला हे दार शिकव."

शिकवलं. कुंड्या हाताला लावून दिल्या, पायपुसण्याचे पट्टे मोजून घेतले. शाळेतल्या मुलीसारखं म्हणून दाखवायच्या, चुकल्या की जीभ चावायच्या. "केशरी म्हणजे कसा? संत्र्याच्या फोडीचा की सालीचा?" मी म्हटलं, सालीचा.

रविवारी मुलगा आला. ताईंनी त्याला दाराबाहेरच थांबवलं आणि बोट दाखवून सगळं सांगितलं, एकही चूक न करता. वर म्हणाल्या, "आणि टोपलीतली फुलं हिने तिरकी खोवलीत. हिला सरळ काही जमतच नाही." हे मी शिकवलं नव्हतं, पण फुलं तिरकीच होती.

मुलगा हसला. मग माझ्याकडे वळला. "काकू, तू खोटं बोलत नाहीस. आईला खरंच दिसतं ना?"

हो म्हणायचं, हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. देवाची तशी क्षमाही मागून ठेवली होती. मी तोंड उघडलं.

"तिला नको विचारूस," ताई म्हणाल्या. "मला विचार."

"बरं. तू सांग."

"नाही दिसत."

त्याने हातातली बॅग खाली ठेवली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या साड्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं, "ताई, मी हो म्हणणार होते."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मध्ये बोलले. त्या निळ्या पातळाची घडी नीट घाल. निळंच आहे ना ते?"

"हो ताई. निळंच."

निघताना पायऱ्या, अंगण, फाटक, एवढं त्या कुणाचाही हात न धरता चालल्या. फाटकाची कडीही स्वतःच काढली. बाहेर पाऊल टाकल्यावर थांबल्या आणि मुलगा कोणत्या बाजूला आहे ते न कळून दोन्ही हात पुढे केले.