आईच्या मापाचे कपडे

माझ्या आईला तिचे कपडे कधीच सैल झाले नाहीत. हे मी कौतुकाने सांगत नाही. ते सैल झाले असते तर आज कदाचित ती माझ्याशी तावातावाने भांडत असती आणि मी हे सांगायला बसले नसते.

माझे बाबा युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कटिंग मास्तर म्हटलं की लोकांना गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल दिसते. तिथे तसलं काही नव्हतं. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर नमुन्याचा कागद ठेवायचा आणि विजेच्या कातरीने शर्टांच्या ढीगभर पाठी एका दमात कापायच्या. लहान, मध्यम, मोठा, जास्त मोठा. जगातल्या माणसांचे एवढेच चार प्रकार. पुढे तो शर्ट कुणाच्या अंगावर चढला, त्याला काखेत काचला की काय, हे सांगायला कुणी परत येत नसे.

लग्नाआधी मात्र ते एका म्हाताऱ्या टेलरच्या हाताखाली फिटिंग शिकले होते, आणि ती विद्या त्यांनी एकट्या आईवर वापरली होती. आईचा कुठलाही ड्रेस घ्या, तो तिच्या अंगावरच उगवल्यासारखा दिसायचा. माझी आई दिसायला चारचौघींसारखी होती, पण ती जिन्यातून खाली उतरली की बायका बोलायच्या थांबायच्या.

भाडं वाढलं, माझ्या कॉलेजची फी आली आणि पगार जिथल्या तिथे राहिला, तेव्हा आईने विषय काढला. नोकरी आहे तशी राहू दे, तिला हात लावायचा नाही. पण हातात कला आहे ती रोज संध्याकाळी सोफ्यावर लोळत पडते, तिला जरा कामाला लावू या, असं तिचं म्हणणं. बाबांना वाटलं, कारखान्यात कळलं तर आपल्याला काढून टाकतील. आईने खूप समजावलं, तरी दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिलेच. मॅनेजर म्हणाला, वेळेवर या, इथलं कापड घरी नेऊ नका, बाकी संध्याकाळी तुम्ही काय करता याच्याशी मला काय देणंघेणं. तेव्हापासून बाबा घरी निघताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे. वॉचमनने हात जोडले, पण ऐकतील तर ते बाबा कसले.

अशा रीतीने आमच्या बाहेरच्या खोलीत धंदा सुरू झाला. नवे कपडे शिवायचे नाहीत, फक्त फिटिंग करून द्यायचं. तयार कपडे घेणाऱ्यांचं दुखणं एकच असतं: खांदा बसला तर कंबर बसत नाही, कंबर बसली तर छाती आवळते. बाबा कारखान्यातून आले की चहा पिऊन मशीनवर बसायचे. आई गिऱ्हाईक बघायची, कपडे लावून ठेवायची, बटणं शिवायची, उशीर झाला की बाबांच्या वतीने गोड बोलून वेळ मारून न्यायची. बाबा तिला मॅनेजरीणबाई म्हणायचे. ती म्हणायची, "तुमच्या त्या मॅनेजरपेक्षा मी बरी. मी चहा तरी देते."

आणि ती आमच्या धंद्याची चालती-बोलती पाटी होती. आम्हाला दुसरी पाटी लावावीच लागली नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की आई त्याच्यासमोरून एकदा सहज म्हणून पाण्याचा ग्लास आणायला जायची आणि सहज म्हणून परत यायची. तिचा निळा ड्रेस त्यासाठी ठेवणीतला. कंबरेला असा बसलेला, की समोरची बाई पिशवीतून एक कपडा द्यायला आलेली असली तरी चार देऊन जायची. मला हे सगळं फार चावट वाटायचं. मी तिला म्हणायचे, आई, तू पाणी द्यायला जातेस की मिरवायला? ती म्हणायची, तुझी फी पाण्यातून येत नाही, मिरवण्यातून येते.

आता पाटी म्हटली की ती वाकडी होऊन कशी चालेल?

पहिल्यांदा बाबांनी निळा ड्रेस आत घेतला तेव्हा कुणाला काहीच वाटलं नाही. आई ग्लास घेऊन वळली आणि बाबांनी मशीनवरून मान वर करून म्हटलं, पाठीत झोळ पडलाय. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना चिमूटभर कापड धरून टाचण्या लावल्या, टीप मारली, काम झालं. महिन्याभराने परत झोळ. परत चिमूटभर. बाबांना त्या कापडाचाच राग आला. धुतलं की ढिलं पडतं म्हणे. ते कापडवाल्याकडे जाऊन त्याच्याशी तासभर वाद घालून आले. तो बिचारा शपथेवर सांगत होता की हे कापड आटेल पण सुटणार नाही. बाबांनी त्याच्या दुकानाची पायरी चढायचं सोडलं. मग करडा ड्रेस ढिला पडला, मग कोट. ती वेगळी कापडं होती, वेगळ्या दुकानांतली होती. तरी बाबा एकेक करून सगळे आत घेत गेले, तिच्या अंगाबरोबर, इतक्या सफाईने, की टाचणीएवढाही झोळ कुठे राहिला नाही.

मी रोज तिच्यासोबत जेवत होते. ती कमी जेवते हे मला दिसत होतं. तिचं म्हणणं, दिवसभर गिऱ्हाइकांबरोबर चहा होतो, भूक मरते. एक बाई तिला विचारत होती की तुम्ही खाता तरी काय, इतक्या सुरेख दिसता. आई त्या दिवशी खुशीत होती. रात्री बाबांनी तिला विचारलं होतं की अगं, जरा बारीक झालीस का तू, तर तिने उत्तर दिलं की तुमच्या धंद्याला तेच बरं. बाबा हसले. मीही हसले.

मग एका सकाळी ती जिन्यात बसली आणि तिला उठता येईना.

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने पोट तपासलं, फोटो काढायला लावले, आणि फोटो आल्यावर आम्हा दोघांना आत बोलावलं. पोटातला आजार खूप पुढे गेला होता. त्याने विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. घरात वजनकाटा नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "काट्याचं जाऊ द्या. एवढं वजन उतरल्यावर कपडे सैल झाले असतील. ते तरी लक्षात आलं असेल ना?"

"नाही झाले," बाबा म्हणाले.

"असं कसं होईल?"

"मी आत घेत होतो."

डॉक्टरला ते कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी टेबलावर दोन्ही हातांची चिमूट धरून दाखवली, इकडून एवढं, तिकडून एवढं, आणि मग हात तसेच धरून बसले. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की त्यांच्या शेजारून उठावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचे ते हात माझ्या हातांत घ्यावेत असंही वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. बाहेर बाकावर आई निळा ड्रेस घालून बसली होती, अगदी व्यवस्थित.

तिला बाबांनीच सांगितलं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि त्यांना म्हणाली, "माझं अंग होतं, मला नाही कळलं, तर तुम्हाला काय कळणार?" पण बाबांच्या डोक्यात ते शिरलं नाही. ते कारखान्यात जात राहिले, कारण पगार हवाच होता. संध्याकाळचं कामही सोडून चालणार नव्हतं. औषधं आता फीपेक्षा महाग होती. पण त्यांनी एक विचित्र गोष्ट सुरू केली. आत घेण्याचं काम ते घेईनात. लांबी वाढवायची असेल तर द्या, चेन बदलायची असेल तर द्या, घट्ट झालेलं सोडायचं असेल तर लगेच करून देतो. सैल आहे म्हटलं की ते कपड्याला हातच लावायचे नाहीत. एका बाईला तर त्यांनी विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना, एकदा दाखवून घ्या. ती नुकतीच डाएट करून बारीक झाली होती. ती फणकाऱ्याने निघून गेली.

आई आतल्या खोलीतून हे सगळं ऐकायची. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आत घेण्याचंच असायचं, ते दारावरून परत जायला लागलं. तिला स्वतःच्या आजारापेक्षा याचा जास्त ताप झाला. ती मला म्हणाली, "हा माणूस माझ्यामागे मशीन झाकून ठेवील बघ. कारखान्यात जाईल, येईल आणि भिंतीकडे बघत बसेल." मी तिला म्हटलं, असं काही होणार नाही. ती म्हणाली, मी त्यांना तुझ्या आधीपासून ओळखते.

तोवर तिचे कपडे पहिल्यांदाच तिच्या अंगावर लोंबायला लागले होते. भेटायला लोक येत. तिला उशीला टेकवून बसवलं की निळ्या ड्रेसचा गळा एका खांद्यावरून घसरायचा, आणि ती तो सारखा वर ओढायची. तिने बाबांना सांगितलं, हा ड्रेस आत घ्या. बाबा कारखान्याला उशीर होतोय म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशीही सांगितलं, तेव्हा त्यांचं डोकं दुखत होतं. शेवटी मीच मशीनवर बसले. मला शिवता येत नाही असं नाही, पण मी केलेलं फिटिंग बघून आई इतकी हसली की तिला खोकला लागला. एक बाजू वर, एक खाली. हसून झाल्यावर तिला रडू आलं. मला वाटलं पोटात दुखतंय. ती म्हणाली, दुखत नाही गं, पण मी अशी गबाळी कधी दिसले नव्हते.

बाबा दारात उभे होते. कामावरून कधी आले होते कुणास ठाऊक. त्यांनी चहासुद्धा मागितला नाही. मी आईच्या अंगातून उतरवलेला ड्रेस माझ्या हातातून घेतला, मी मारलेल्या टिपा उसवल्या, तो आईला घातला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसून टाचण्या लावायला लागले. आधी चिमूटभर कापड हातात यायचं. आता मूठभर येत होतं. ते टाचणी लावायचे, थांबायचे, पुढची लावायचे. आई वरून त्यांच्या डोक्याकडे बघत होती. "खांद्यालापण घ्या," ती म्हणाली. त्यांनी खांद्यालाही घेतलं.

शिवून झालं. ड्रेस तिला पुन्हा नेमका बसला. पण ती उशीला टेकली आणि कळवळली. बाबांनी आजवर प्रत्येक वेळी कापड आत दुमडलं होतं, कापलं नव्हतं. फिटिंगचं काम करणारा माणूस ते कधी कापत नाही. उद्या अंग भरलं तर टीप उसवून सोडायला आत कापड हवं. त्या सगळ्या घड्या आता कुशीत एकावर एक जाड होऊन बसल्या होत्या, आणि आईच्या कुशीत हाडांशिवाय काही उरलं नव्हतं.

"टोचतंय," आई म्हणाली. "आतलं कापून टाका."

बाबा म्हणाले, वरून मऊ अस्तर लावतो. तिने मान हलवली. मऊ पट्टी शिवतो म्हणाले. तरी तिने मान हलवली.

"कापलं तर परत सोडता येणार नाही," बाबा म्हणाले.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "इतकी वर्षं मशीनशेजारी बसलेय. कापा तुम्ही."

मी तो ड्रेस तिच्या अंगातून हळूच काढला. तिला चादर पांघरली. बाबांनी मोठी कातर घेतली. कारखान्यात ढीगभर कापड एका दमात कापणारे माझे बाबा त्या दोन कुशींना किती वेळ लावत होते. मध्येच त्यांनी कातर खाली ठेवली, तेव्हा आई म्हणाली की दुसरी बाजूपण. आवाजात तोच मॅनेजरीणबाईचा हुकूम होता. त्यांनी दुसरी बाजूही कापली. मग कापलेल्या कडा धाग्याने बंद केल्या, आतून बोट फिरवून कुठे खरखरत तर नाही ना बघितलं आणि ड्रेस माझ्याकडे दिला.

तो अंगात घालून आई टेकून बसली. या कुशीवर झाली, त्या कुशीवर झाली. "आता नाही टोचत," ती म्हणाली. उद्यापासून आत घेण्याचं काम परत घ्यायला लागा, असंही तिने बजावलं. बाबा हो म्हणाले. ते खरंच घेणार आहेत का, हे तिने त्यांच्या तोंडाकडे बघून तपासलं, आणि मग तिचा डोळा लागला.

बाबा मशीनशेजारच्या स्टुलावर बसून होते. निळे तुकडे त्यांच्या मांडीवर पडले होते. त्यांनी ते एकाला एक लावून सरळ केले, हाताने त्यांच्या सुरकुत्या काढल्या, आणि सगळे मिळून किती होतात ते तळहातांत धरून बघितलं.

"एवढी होती गं ती," ते मला म्हणाले.

सकाळी त्यांना कारखान्यात वेळेवर जायचं होतं, म्हणून मी उठले आणि त्यांच्या डब्याच्या तयारीला लागले.